अफूचा काटा

इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या घरात आजीची एक पितळेची डबी होती. ती नेहमी रिकामी असे. तरी आजी ती कोणाला टाकू देत नसे. इतिहास घेऊन मी एम.ए. करीत होतो तेव्हा, १९९२ साली, एकदा सहज तिला डबीविषयी विचारले. "तुझ्या मोठ्या आत्याच्या बाळगोळ्या होत्या रे तीत," ती म्हणाली. ही आत्या आम्ही कोणीच पाहिलेली नव्हती. माझ्या वडिलांच्या आधी जन्मलेली ती मुलगी चार महिन्यांचीच होऊन गेली होती. "फार किरकिरायची. शेजारीण म्हणाली, आज एकाऐवजी दोन दे. झोपली ती उठलीच नाही." एवढे बोलून आजी गप्प झाली. मीही पुढे विचारले नाही.

आजच्या वाचकाला सांगायला हवे, की बाळगोळी म्हणजे आपली बाळगुटी नव्हे. बाळगुटीत सहाणेवर मुळ्या आणि फळे उगाळतात. बाळगोळीत अफू असे. मूल शांत झोपावे आणि आईला कामाला जाता यावे, म्हणून ती दिली जाई. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टरीणबाईंनी केली, तेव्हा शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते असे त्यांनी नोंदवले. त्या मातांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाळणाघर नाही, रजा नाही, आणि घरात कमावणारे हात तेवढेच.

ही अफू बरीचशी आमच्या माळव्याची. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा द्यायच्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा, हे काम इथल्या शेतकऱ्याच्या हाताला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कंपनी सरकारला या मालावर ताबा हवा होता. पण माळव्याचे व्यापारी तो राजपुताना आणि सिंधमधून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला नेत. १८४३ साली सिंध इंग्रजांकडे गेला, ती वाट बंद झाली, आणि पेटीमागचा कर १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर चढला. एका पेटीत सुमारे १४० पौंड अफू. इंदुरात सरकारी अफू-एजंट बसे; सरकारी काट्यावर पेट्या तोलल्या जात, कर भरला की पास मिळे आणि माल मुंबईमार्गे चीनला रवाना होई. १९१३ साली ही निर्यात थांबली. तोवर या व्यापारातला पैसा इंदूरच्या पेढ्यांत आणि गिरण्यांत मुरला होता.

अफूचे वजन करणारा काटा असा चोख होता. तिच्या गुणदोषांचे वजन मात्र कोणी कसे केले?

चरक-सुश्रुतांत अफू नाही. शार्ङ्गधर संहितेत ती 'अहिफेन' म्हणून येते, म्हणजे सापाचा फेस! नाव मूळचे ग्रीक, अरबीतून आलेले. आपल्या वैद्यांनी त्याला संस्कृत साज चढवला, आणि त्यातच धोक्याची खूणही ठेवली. पुढे १८९३ साली ब्रिटिश सरकारने अफूवर शाही आयोग नेमला. त्याने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या. डॉक्टर, जमीनदार, अधिकारी, व्यापारी असे अनेक जण म्हणाले, की दमट मुलखात अफू हिवतापापासून राखते. आयोगाने १८९५ साली बंदीची शिफारस केली नाही. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. अफूने अंगदुखी आणि हुडहुडी सुसह्य होते, पण जंतू मरत नाही. सातशे माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना बरे वाटत होते, आणि बरे वाटणे म्हणजेच बरे होणे असे ती समजत होती.

मग आजीचे काय? तिचीही एकच साक्ष. त्या काळी इतकी बाळे इतक्या कारणांनी जात, की एका गोष्टीवरून निकाल देऊ नये, हे मी मुलांना इतिहास शिकवताना सांगतो आणि स्वतःलाही सांगितले. परंतु तिच्या साक्षीला आता शास्त्राचा आधार आहे. जर्टुर्नर या जर्मन औषधविक्याने १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळे केले. मॉर्फिनची मात्रा वाढली की मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते. तान्ह्या बाळाचे कोवळे यकृत ते लवकर निकामी करू शकत नाही. शिवाय अफूतले मॉर्फिनचे प्रमाण शेतागणिक आणि हंगामागणिक बदलते. एका गोळीत किती आणि दोनांत किती, हे आजीला कळणे शक्यच नव्हते. शेजारणीलाही नव्हते.

इथेच हा निबंध संपवला तर अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. २०१७ साली माझे वडील कर्करोगाने अंथरुणाला खिळले. रात्र रात्र कण्हत. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, किती मिलिग्रॅम आणि किती तासांनी ते कागदावर मांडून दिले, आणि श्वासावर लक्ष ठेवायला शिकवले. वडील शांत झोपले, उठले, आमच्याशी बोलले. शेवटचे दोन महिने त्यांनी माणसासारखे काढले. १९८५ च्या कडक कायद्यामुळे असे औषध मिळणे देशभर दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली. मंदसौर-नीमचच्या शेतांत आजही परवान्याने अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधी द्रव्ये काढली जातात.

ज्या झाडाने बहिणीला नेले, त्याच झाडाने भावाला दिलासा दिला. झाड तेच; फरक पडला तो मोजण्याने. म्हणून "झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही" असे कोणी म्हटले की मी विचारतो: किती, कोणाला, आणि कोणी मोजून पाहिले? वाचकहो, घरात तान्हे मूल असेल तर हे तीन प्रश्न आधी विचारा. शेजारीण कितीही मायेची असली तरी.

आजीची डबी आता माझ्या टेबलावर असते. रिकामीच.