शिपायाच्या घराचें देणें

लढाईचा वृत्तांत लिहितांना इतिहासकार बहुधा रणांगणापाशींच थांबतो. कोण जिंकला, कोण हरला, किती पडले, किती जायबंदी झाले, एवढें सांगून तो पुढच्या मोहिमेकडे वळतो. परंतु पडलेल्या शिपायाच्या घरीं त्या दिवसापासून जी दुसरी लढाई सुरू होते, तिची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. घरांतला मिळवता हात गेलेला, पदरीं लहान मुलें, पेरणी तोंडावर आलेली. अशा वेळीं त्या घराकडे राज्य आणि समाज कोणत्या नजरेनें पाहतात, यावरून दोघांचीही पारख होते. त्या घरास जें मिळतें तें दान, बक्षीस, कीं देणें? महाराष्ट्राच्या साडेतीनशें वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं आहेत, आणि तीं एका ओळींत मांडून पाहण्यासारखीं आहेत.

पहिलें उत्तर प्रतापगडाच्या पायथ्याशीं मिळतें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफजलखानाचा वध झाला व त्याच्या फौजेचा मोड झाला. त्यानंतर शिवाजीमहाराजांनीं काय केलें, हें कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत नोंदविलें आहे. सभासदाच्या सांगण्याप्रमाणें, जे लोक कामास आले त्यांच्या मुलांचें पुढें चालविण्यांत आलें. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निम्में वेतन बांधून देण्यांत आलें. आणि जखमींना जखम पाहून दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन मिळाले. पराक्रम गाजविणाऱ्यांस मिळालेलीं बक्षिसें निराळीं.

या नोंदींतील दोन गोष्टींकडे लक्ष गेलें पाहिजे. एक, मदतीला माप होतें. विधवेला राजाच्या त्या दिवसाच्या मर्जीप्रमाणें नव्हे, तर नवऱ्याच्या वेतनाच्या निम्म्यानें मिळालें. दुसरी याहून महत्त्वाची. जिला मुलगा आहे तिच्या घरांतून उद्यां राज्याला आणखी एक शिपाई मिळण्याची आशा तरी असते. परंतु निपुत्रिक विधवेकडून राज्याला पुढें कांहींच मिळावयाचें नसतें. तिला वेतन बांधून देणें म्हणजे झालेल्या सेवेचें ऋण मान्य करणें होय. सतराव्या शतकाच्या मध्यावर, राज्य अजून पुरतें उभेंही राहिलें नसतां, हा विचार व्हावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढें पेशवाईंत या तरतुदीस ‘बालपरवेशी’ असें नांव रूढ झालेलें दिसतें. शब्दाचें मूळ फारसी ‘परवरिश’ म्हणजे पालनपोषण यांत आहे. सरकारच्या चाकरींत जो मेला त्याच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठीं नेमणूक करून देण्याची ही रीत होती. ज्या राज्याचे शिपाई वर्षांतील आठ महिने घराबाहेर असत, त्याला अशा रीतीवांचून गत्यंतरच नव्हतें. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर महाराष्ट्रांतील घराघरांत जें सुतक आलें, त्यानें तर या रीतीची कसोटीच पाहिली असली पाहिजे. शिलेदाराची स्थिति विशेष नाजूक असे. घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. स्वाराबरोबर घोडाही पडला कीं घराचा आधार आणि घराचें भांडवल दोन्हीं एकाच दिवशीं जात.

परंतु या व्यवस्थेंत एक उणीव होती. ती राज्याच्या मर्जीवर आणि राज्याच्या आयुष्यावर अवलंबून होती. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टननें जुन्या इनामदारांस फारसा धक्का लावला नाहीं हें खरें. परंतु १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले आणि घरोघरचीं इनामें तपासण्यास सुरुवात झाली. ज्यांच्या पूर्वजांनीं रक्त सांडून जमीन मिळविली होती, त्यांनाही आतां सनद दाखविणें भाग पडलें. रक्ताचा पुरावा कागदावर नसला तर तो ग्राह्य नव्हता. देणाऱ्याच्या कृपेनें मिळालेलें, देणारा बदलतांच संकटांत येतें, हा पहिला धडा महाराष्ट्र त्या काळांत शिकला.

दुसरा धडा याहून कडू आहे, आणि तो इंग्रजी अमलांतील पलटणींचा आहे. मुंबई इलाख्याच्या सैन्यांत महार शिपाई मोठ्या संख्येनें होते. गांवांत ज्यांना विहिरीवर पाणी भरतां येत नसे, त्यांच्या हातीं पलटणींत बंदूक होती, हुद्दा होता, आणि सेवा संपल्यावर पेन्शन होतें. याखेरीज आणखी एक मोलाची वस्तु होती, ती म्हणजे शाळा. पलटणींतील शिपायांच्या मुलांनाच नव्हे तर मुलींनाही शिक्षण सक्तीचें असे, याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लेखनांत आवर्जून केला आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे अनेक वर्षें मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या छावणींत झाला. शिपायांच्या कुटुंबासाठीं केलेली एक साधी सोय एखाद्या घराला कोठून कोठें नेऊं शकते, याचें याहून मोठें उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

मात्र या सोयीची हद्द छावणीच्या कुंपणापाशीं संपत होती. पेन्शन घेऊन रामजी सुभेदार प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास आले. तेथील शाळेंत त्यांच्या मुलाला इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. ज्या बापाच्या छातीवर सरकारी बिल्ला होता, त्याच्या मुलाला समाजाच्या शाळेंत साधी बसण्याची जागा मिळाली नाहीं. सरकारनें शिपायाला पेन्शन दिलें. समाजानें मात्र परत आलेल्या शिपायाला आपला मानलें नाहीं.

आणि ती हद्दही पुढें आकुंचित झाली. १८९२ च्या सुमारास लढवय्या जातींविषयींच्या नव्या कल्पनांमुळें महारांची भरती बंद झाली. भरतीबरोबर शाळा गेली, हुद्दा गेला, पेन्शनची आशा गेली. पलटणींतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं याविरुद्ध अर्जाचा मसुदा तयार केला. १९१० सालीं पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनीं भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ सालीं महायुद्धाची निकड पडली तेव्हां १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि निकड संपतांच १९२१ पर्यंत ती मोडण्यांतही आली. पुढें १९४१ सालीं दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत बेळगांवास महार रेजिमेंटची स्थापना झाली. गरज असतांना बोलवावें आणि गरज सरतांच विसरावें, ही रीत येथें स्पष्ट दिसते.

पहिल्या महायुद्धानें हा प्रश्न शहरांच्या दारांत आणून ठेविला. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले. मेसापोटेमियांत कूतच्या वेढ्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सांपडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत पडलें आणि वेढ्यांतील शिपाई तुर्कांचे कैदी झाले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांना आपला माणूस जिवंत आहे कीं नाहीं, एवढेंही कळण्यास मार्ग राहिला नाहीं. मुंबईच्या बंदरांत जखमींनीं भरलेलीं जहाजें लागूं लागलीं. आज जेथें आपण प्राचीन मूर्ति आणि चित्रें पाहण्यास जातों, ती वस्तुसंग्रहालयाची इमारत त्या काळांत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. लोकांसाठीं तें संग्रहालय उघडलें तें १९२२ सालीं.

जखम भरली तरी प्रश्न संपत नसे. भरतीला आलेला शिपाई बहुधा शेतकरी. एक पाय गमावलेला मनुष्य नांगर कसा धरणार? हात गेलेला मोट कशी हांकणार? तुटपुंज्या पेन्शनवर तो घरांत बसून राहणार आणि आपण भार झालों या विचारानें खंगणार. या अडचणीवर मुंबईंत एक विचारपूर्वक उपाय झाला. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें १९१७ सालीं अपंग सैनिकांसाठीं क्वीन मेरी तंत्रशाळा निघाली. शरीराचा जो भाग शाबूत आहे त्याला साजेसा धंदा शिकवावयाचा व त्यावर मनुष्याला पुन्हां उभें करावयाचें, हें तिचें सूत्र. ही संस्था पुढें पुण्याजवळ खडकीस आली आणि आजही तेथें काम करीत आहे. युद्धकाळांत निघालेले कितीतरी निधि युद्धाबरोबरच विरून गेले. ही शाळा टिकली. कारण ती पैसे वांटण्यासाठीं निघाली नव्हती, हातांना काम देण्यासाठीं निघाली होती.

१९१९ सालीं सरकारनें इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन केलें आणि त्याखालीं जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळें निघालीं. आजचें केंद्रीय सैनिक बोर्ड व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें हा त्याच वृक्षाचा विस्तार आहे. या कचेऱ्यांचें काम वर्तमानपत्रांत झळकणारें नसतें. शिपायाचें नांव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरें. बायकोची जन्मतारीख कोठेंच नाहीं. विवाहाची नोंद झालेली नाहीं. अशा क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणींपायीं हक्काचें पेन्शन वर्षानुवर्षें अडून बसतें. ती गांठ सोडविणारा एखादा जुना हवालदार किंवा दयाळू कारकून त्या घराच्या दृष्टीनें सेनापतीहून मोठा असतो.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली, आणि युद्ध संपतांच तीं माणसें घरीं परतूं लागलीं. त्यानंतर थोड्याच काळांत देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, काश्मीरांत लढाई पेटली. शिपाई आतां परक्या बादशहाचा राहिला नव्हता. तो स्वतंत्र देशाच्या नागरिकांचा झाला होता. त्याच्या घराची जबाबदारीही ओघानेंच नागरिकांवर आली. २८ ऑगस्ट १९४९ रोजीं संरक्षणमंत्र्यांच्या समितीनें दरवर्षीं ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळण्याचें ठरविलें. लाल, गडद निळा व फिकट निळा अशा तीन रंगांचा तो लहानसा कागदी ध्वज, त्यामागची कल्पना अशी कीं, थोड्यांनीं पुष्कळ देण्यापेक्षां सर्वांनीं थोडें द्यावें, आणि देतांना कोणासाठीं देतों हें स्मरावें.

या स्मरणाचें फळ काय, हें सांगलीकडील एका जवानाच्या चरित्रांत पाहावयास मिळतें. मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या ई. एम. ई. विभागांत होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालचें शरीर लुळें पडलें. उपचार म्हणून त्यांना पाण्यांत उतरविण्यांत आलें, आणि त्या उपचाराचेंच त्यांनीं सामर्थ्य केलें. १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेंत ५० मीटर पोहण्यांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. भारताचें तें त्या स्पर्धेंतील पहिलें सुवर्ण. त्यांच्या प्रवासाला क्रिकेटपटु विजय मर्चंट यांच्या संस्थेनें हातभार लाविला होता. सैन्यानें उपचार केले, नागरिकानें वाट मोकळी केली, आणि उरलेलें त्या मनुष्यानें स्वतः केलें. दोनच वर्षांनीं, १९७४ सालीं, खडकीस पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीं स्वतंत्र पुनर्वसनकेंद्र सुरू झालें. मात्र पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ सालीं. स्मरण होतें, पण त्याला सेहेचाळीस वर्षें लागलीं.

मूळ प्रश्नाचें कायद्यानें दिलेलें उत्तर १७ डिसेंबर १९८२ रोजीं मिळालें. सरकारनें १९७९ सालीं पेन्शनचे नियम उदार केले होते; पण ठराविक तारखेपूर्वीं निवृत्त झालेल्यांना त्यांचा लाभ नव्हता. नागरी नोकरांबरोबर सैन्यांतील निवृत्तांचाही हा प्रश्न होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठानें हा भेद रद्द ठरविला, आणि निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची खैरात नसून झालेल्या सेवेमुळें उत्पन्न झालेला हक्क आहे, असें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें. सैनिकांच्या समान हुद्दा, समान पेन्शन या मागणीला सरकारी आज्ञेचें रूप येण्यास त्यानंतरही २०१५ साल उजाडावें लागलें.

प्रतापगडच्या पायथ्याशीं विधवेला बांधून दिलेलें निम्में वेतन आणि तीनशें तेवीस वर्षांनंतरचा हा निवाडा, यांच्यामध्यें राज्यें आलीं आणि गेलीं. परंतु दोहोंतील विचार एकच आहे. फरक इतकाच कीं, पहिला एका थोर राजाच्या न्यायबुद्धींत होता, दुसरा कायद्यांत आहे. राजाची न्यायबुद्धि त्याच्या बरोबर जाते. कायदा मागें राहतो.

तथापि कायद्याच्या हातून सर्वच होत नाहीं. पेन्शनानें चूल पेटते; साताऱ्याच्या शाळेंतील गोणपाट त्यानें उचललें नव्हतें. परत आलेल्या माणसाला काम देणें, त्याच्या मुलाला आपल्या मुलाशेजारीं बसविणें, विधवेचा अडलेला कागद तिच्याबरोबर कचेरींत जाऊन पुढें सरकविणें, हीं कामें शेजाऱ्यांचीं आहेत. तीं वर्षाचे सर्व दिवस करावयाचीं असतात. ७ डिसेंबर ही त्यांची केवळ आठवण.