मागच्या चिमट्याची खाच

रायपूरच्या स्थानकावर उतरून रुळांच्या पलीकडल्या अंगाला गेले म्हणजे गुढियारी लागते. धान्याची आणि किराणा मालाची घाऊक पेठ, पोत्यांनी लादलेल्या गाड्या, त्यांच्यामधून वाट काढीत जाणारे हमाल आणि सायकलस्वार, असा हा भाग आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलुखावर होता तेव्हापासून काही मराठी घराणी छत्तीसगडात नांदत आली आहेत. इतिहास म्हटला की या बाजूला प्रथम त्यांचीच आठवण निघते. पण आज मी आपल्याशी बोलणार आहे ते एका सायकलीच्या सांगाड्याविषयी. आणि त्यातही त्या सांगाड्याच्या मागच्या टोकाला असलेल्या, करंगळीएवढ्या एका खाचेविषयी.

त्याचे असे झाले. माझ्यापाशी पोलादी नळ्यांची एक जुनी डोंगरी सायकल आहे. माउंटन बाइक या नावाने आता ती सर्वांच्या परिचयाची झाली आहे. तिच्या मागच्या चाकाला लहानमोठ्या सात दातेरी चकत्या होत्या, आणि साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा गिअर चाकाच्या बाजूला लोंबत असे. बाजारात एखाद्या हातगाडीचा धक्का लागला की तो वाकलाच म्हणून समजावे. पावसाळ्यात त्यात चिखल भरे तो निराळाच. चार वर्षे हा जाच सोसल्यावर मी ठरविले की, ज्याची सारी यंत्रणा हबच्या आत बंद असते, असा अंतर्गत गिअर तेथे बसवावयाचा. आठ वेगांचा हब मिळविला, रिममध्ये तारा ओवून चाकही तयार झाले. गुढियारीतल्या मिस्त्रीने ते चाक मागच्या चिमट्यात धरले, क्षणभर निरखले, आणि मान हलवून तो म्हणाला, ‘‘बाबूजी, ही खाच तर उभी आहे. चेन ताणायची कोठून?’’

त्याच्या या एका प्रश्नात सायकलीचा शंभर वर्षांचा इतिहास आला होता.

आपल्या नेहमीच्या काळ्या, दणकट सायकलीचा मागचा चिमटा आपण आठवून पाहा. ज्या खाचेत चाकाचा आस बसतो, ती खाच आडवी असते, किंवा किंचित तिरपी. साखळी सैल पडली की नट ढिले करावयाचे, चाक अर्धा बोट मागे ओढावयाचे, आणि नट पुन्हा आवळावयाचे. हे काम शाळकरी मुलेसुद्धा करतात. डोंगरी सायकलीत बहुधा ही खाच उभी असते. आस वर जाऊन टेकला की टेकला. पुढे नाही, मागे नाही. तेथे साखळीचा ताण सांभाळण्याचे काम तो लोंबता गिअर आपल्या कमानीच्या हाताने करीत असतो, म्हणून चाक मागे ओढण्याची गरजच उरत नाही. उलट, जोराने पायडल मारले असता चाक एका बाजूला ओढले जाऊ नये, यासाठी उभी खाचच बरी. म्हणजे सांगाडा घडविणाऱ्याने तो कोणत्या गिअरसाठी घडविला, हे त्या खाचेवरून ओळखावे. एका गिअरची सोय करताना दुसऱ्याचा दरवाजा तिने बंद केला.

हा दुसरा गिअर, हबच्या आतला, वास्तविक थोरला आहे. जॉन केंप स्टार्ली याची ‘रोव्हर’ सायकल कव्हेंट्रीस १८८५ साली निघाली आणि सायकलीचे आजचे रूप ठरले. १८८८ मध्ये डनलॉपची हवेची धाव आली. पण चढ आला की उतरून चालावे लागे, ही अडचण राहिलीच. इंग्लंडात विल्यम रायली या कारागिराने १८९६ मध्ये दोन वेगांच्या हबचा पेटंट घेतला. पुढे त्यानेच तीन वेगांचा हब रचला. परंतु पहिल्या शोधाबरोबर तो आपले हक्क दुसऱ्या मंडळींच्या हाती देऊन बसला होता, म्हणून नवा पेटंट जेम्स आर्चर या त्याच्या सहकाऱ्याच्या नावे झाला, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. हेन्री स्टर्मी हा सायकलविषयक पत्राचा संपादक. त्याचीही याच सुमारास तशीच खटपट चालली होती. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याचे मालक फ्रँक बाउडेन यांनी दोघांचे शोध एकत्र आणले आणि १९०३ पासून ‘स्टर्मी-आर्चर’ हब बाजारात आला. ज्याने मूळ डोके चालविले, त्या रायलीचे नाव मात्र हबवर कधी कोरले गेले नाही. इतिहासात असा अन्याय पुष्कळदा घडतो. तो पोलादावर कोरलेला असला म्हणजे अधिक टिकतो, इतकेच.

त्या हबच्या आत काय असते? या घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध हब १९३६ साली निघाला. तो उघडला तर मधोमध वीस दात्यांचे एक चक्र दिसते. ते आसाशी एकजीव असते, फिरत नाही. त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती एका पिंजऱ्यात बसविलेली वीस वीस दात्यांची चार चक्रे, ते ग्रह. आणि या सर्वांना वेढणारे, आतून साठ दाते असलेले एक कडे. कड्याच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा पिंजऱ्याच्या सव्वादोन. साखळीची ओढ कड्याला दिली आणि चाक पिंजऱ्याला जोडले, तर वेग पाऊणपट होतो व चढ हलका जातो. उलट केले, तर वेग सव्वापटीहून थोडा अधिक, एकास तृतीयांश एवढा वाढतो. आणि दोन्ही एकत्र बांधले तर जसेच्या तसे. जेम्स वॉटने १७८१ साली आपल्या वाफेच्या यंत्रासाठी ज्या सूर्य-ग्रहांच्या चक्रांचा पेटंट घेतला होता, त्याच कुळातील ही रचना. आता ती मुठीएवढ्या डब्यात आली.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सूर्य स्थिर राहिला तरच ग्रहांचा खेळ चालतो. आणि सूर्याला स्थिर ठेवावयाचे तर आसही फिरता कामा नये. पायडलवर जोर पडला की हा आस खाचेत गरकन फिरू पाहतो. म्हणून त्याच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात आणि दातेरी वायसर घालून तो खाचेला जखडून टाकतात. खाच इथेही आलीच! अंतर्गत गिअरला ती दोन्हींसाठी हवी: साखळी ताणता यावी म्हणून आडवी, आणि आस धरून ठेवावा म्हणून घट्ट.

फ्रान्समध्ये मात्र लोंबत्या गिअरचे वेड वाढत गेले. त्यालाही अडवणारे होतेच. ‘तूर द फ्रान्स’ या विख्यात शर्यतीत १९३७ पर्यंत त्याला परवानगी नव्हती. एकदा ती मिळाल्यावर शर्यतीच्या जगाने मागे वळून पाहिले नाही. हलके वजन, अनेक वेग, आणि बिघडले तर डोळ्यांसमोर. हे त्याचे गुण मान्यच केले पाहिजेत.

आपल्याकडे काय झाले? मुंबईस १९३९ मध्ये हिंद सायकल्स निघाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासकडे टी. आय. सायकल्स आली, आणि रॅलेच्याच भागीदारीत आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. हबच्या गिअरचे माहेरघर असलेले रॅले आपल्या दारी आले, तरी तो गिअर येथे सर्वसामान्यांच्या सायकलीत रुजला नाही. कारण उघड आहे. दूधवाला, पोस्टमन, गिरणीचा कामगार यांना सायकल हवी होती ती ओझे वाहणारी आणि झाडाखाली बसलेल्या मिस्त्रीला पान्याने उघडता येणारी. छर्रे बदलणे, ग्रीस भरणे, तुटलेला चिमटा पितळेने झाळणे, एवढे त्याला येत होते. ते पुरेसेही होते. झारखंडात आजही साध्या सायकलीवर दोनशे किलोपर्यंत कोळसा लादून माणसे ती चढावर ढकलीत नेतात. त्या सायकलींच्या नळ्यांना आणि चिमट्याला जागजागी जोड देऊन बळकटी आणलेली असते. सांगाडा आपल्या कामाप्रमाणे बदलून घेणे ही आमच्याकडे हौस नव्हे. पोटासाठी शिकलेली ती विद्या आहे.

गंमत अशी की, ज्या डोंगरी सायकलीने खाच उभी केली, तिचा जन्मही अशाच बदलून घेतलेल्या सांगाड्यातून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टमॅल्पाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जाड टायरांच्या, जड पोलादी सायकली भंगारातून आणून डोंगरावरून खाली सोडीत. त्यांचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन जाई, आणि पुन्हा भरावे लागे. १९७६ साली तेथे जी शर्यत सुरू झाली, तिला या ‘पुन्हा भरण्या’वरूनच रीपॅक हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने अशा वापरासाठी मिश्रधातूच्या पोलादी नळ्यांचा नवा सांगाडा मुद्दाम घडविला, आणि १९८१ पासून कारखाने तशा सायकली मोठ्या संख्येने काढू लागले. लोंबता गिअर त्यांच्याबरोबर आला, मागोमाग उभी खाचही रूढ झाली.

इकडे नॉटिंगहॅमचा हबचा कारखाना २००० साली बंद पडला. त्याची यंत्रे आणि नाव तैवानातल्या एका कंपनीने घेतले. पण तोवर जर्मनीत बर्नहार्ट रोलोफ याने १९९८ मध्ये चौदा वेगांचा हब काढला होता. त्याच्या सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या वेगात पाचपटींहून अधिक अंतर आहे. जपानी कारखान्यांनीही आठ आणि अकरा वेगांचे हब आणले. चिखलातून, बर्फातून लांबचा प्रवास करणाऱ्यांना तो बंद डबा पुन्हा हवासा वाटू लागला आणि सायकली घडविणाऱ्यांपुढे मिस्त्रीचा तोच प्रश्न आला: चेन ताणायची कोठून? कुणी पायडलचा आस फिरत्या, विकेंद्री कवचात बसविला. कुणी साखळीखाली एक कमानीची चकती लावली. पण मग लोंबणाऱ्या गिअरनेच काय पाप केले होते? कुणी चिमट्याची टोकेच सरकती केली. माझ्या मते सर्वांत सरळ उपाय सर्वांत जुना आहे. उभ्या खाचेचे टोक कापून टाकावे आणि आडव्या खाचेचे नवे झाळावे.

मात्र त्यासाठी सांगाडा पोलादाचा पाहिजे. ॲल्युमिनियमचा सांगाडा जोडताना तापला की जोडाजवळची त्याची ताकद उतरते. ती परत आणावयाची तर संपूर्ण सांगाडा पुन्हा भट्टीच्या संस्कारातून काढावा लागतो, आणि ती भट्टी गल्लीत नसते. पोलाद मात्र पितळेचा जोड घेते आणि पुन्हा कामाला उभे राहते. गुढियारीपासून पश्चिमेला भिलाईच्या भट्ट्या तीसेक किलोमीटरवर आहेत. तेथली पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. या भागातल्या हातांना पोलाद परके नाही.

मिस्त्रीने काम घेतले, पण लगेच नव्हे. प्रथम त्याने एक सुतळी काढली. मागच्या एका टोकापासून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून ती दुसऱ्या टोकापर्यंत ताणली, आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंची अंतरे मोजली. ती सारखी भरली, म्हणजे सांगाडा वाकडा नव्हता. चिमट्याच्या टोकांमधले अंतर १३५ मिलिमीटर भरले. नव्या हबलाही तितकेच हवे असल्याने चिमटा फाकविण्याचा प्रसंग आला नाही. मग जाड पत्र्याची दोन टोके कानशीने घासून, दहा मिलिमीटर रुंदीची लांब खाच पाडून तयार झाली. जुनी टोके कापताना उजव्या बाजूचे गिअर टांगण्याचे कानही गेले, तेव्हा मला उगाच वाईट वाटले. टाकणखार लावून ज्योत धरली तेव्हा पोलाद नारिंगी झाले आणि पितळ फटीत पाण्यासारखे ओढले गेले.

पहिला डावा जोड फसला. या डोंगरी सायकलीच्या नळ्या आपल्या काळ्या सायकलीपेक्षा पातळ असतात, आणि ज्योत तेथे जरा अधिक रेंगाळली. चूक निम्मी माझी होती, कारण ‘लौकर करा’ म्हणून मीच मागे लागलो होतो. नळीचा तो बोटभर भाग कापून आत तुकडा सरकवून पुन्हा जोडावा लागला. एक दिवस गेला. मिस्त्री रागावला नाही. दोन दिवसांपूर्वी एका मुलाने तडकलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा आणला होता आणि तो तसाच परत पाठवावा लागला, हे त्याने मला सांगितले. ‘‘हल्ली दहा सायकली येतात त्यात चार अशा,’’ तो म्हणाला. ‘‘नाही म्हणायची सवय करावी लागते आहे. आमच्या वडिलांनी कुणाला नाही म्हटले नव्हते.’’

चाक आडव्या खाचेत सरकले. वायसराचे दात खाचेत बसले. साखळी मधोमध दाबली तर अर्धा इंच खाली जाईल एवढा ताण ठेवून नट आवळले गेले. जुनी कापलेली टोके मी टाकून द्या म्हणालो. मिस्त्रीने ती पुसली आणि खिळ्यावर लटकणाऱ्या डब्यात टाकली. लोंबत्या गिअरची एखादी सायकल मोडक्या टोकाने आली तर उपयोगी पडतील, म्हणाला.