कापसाचा भाव आणि जमावाचा राग

काही वर्षांपूर्वी जळकोटला विज्ञान शिक्षकांपुढे आम्ही मेंदूविषयी बोलत होतो. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारले, "माणूस मुळात हिंस्रच ना हो? मग आम्ही शाळेत काय करणार?" प्रश्न पुस्तकी नव्हता. 1978 च्या पावसाळ्यात ते नांदेडकडच्या एका खेड्यात शाळकरी पोर होते.

27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. विद्यापीठाला ते नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला.

"बेकारीने पोरे पिसाळली होती," असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. या म्हणण्याला विज्ञानात एक पूर्वज आहे. 1939 साली येल विद्यापीठात जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की, आक्रमकतेच्या मुळाशी नेहमी वैफल्य असते. पुढच्याच वर्षी हॉवलंड आणि सिअर्स यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील 1882 ते 1930 या काळाचे आकडे तपासले. कापसाचे उत्पन्न घसरले की जमावाने काळ्या माणसांना ठार मारण्याच्या घटना वाढत, असे त्यांना दिसले. कापसाचा भाव पडणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

सिद्धांत सुटसुटीत होता, जरा जास्तच. 1998 साली ग्रीन, ग्लेझर आणि रिच यांनी तीच आकडेमोड 1930 च्या पुढे नेली. महामंदीत कापूस कोसळला होता, पण हत्या त्या प्रमाणात वाढल्या नव्हत्या. आधीचा भक्कम वाटणारा संबंध विरून गेला.

आम्हाला याहून मोठी अडचण दुसरीच वाटते. भाव पडला तर शेतकऱ्याचा राग अडत्यावर, सावकारावर, सरकारवर निघायला हवा. तो गावाबाहेरच्या वस्तीवर का निघावा? 1978 च्या ठरावाने कुणाची जमीन घेतली नव्हती की कुणाची नोकरी काढली नव्हती. मात्र बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) काढलेल्या महाविद्यालयातून शिकलेली पिढी गावात ताठ मानेने वावरू लागली होती. ते खुपणाऱ्यांना विद्यापीठाचे नाव हे निमित्त पुरले. वैफल्याने राग येईलही, पण तो कुणावर काढलेला चालतो, हे माणूस आसपासच्या मोठ्यांकडून शिकतो.

शिकतो हे अक्षरशः खरे आहे. 1961 साली स्टॅनफर्डला अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या 72 मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवले. पुढे तो बाहुला हाती आल्यावर या मुलांपैकी अनेकांनी तेच केले, तेही त्याच आक्रमक शब्दांसह.

शिकलेले बदलता येते का? 1971 साली टेक्सासमधील ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणल्यावर मारामाऱ्या सुरू झाल्या. तिथे एलियट अरॉन्सन यांनी उपदेश केला नाही. त्यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा मिळे आणि तो इतरांना शिकवावा लागे. शेजाऱ्याचे ऐकल्याशिवाय परीक्षेत गुण मिळणार नव्हते. काही आठवड्यांत मुले एकमेकांना आवडू लागली आणि अल्पसंख्य मुलांचे गुणही सुधारले. (नुसते जवळ बसवून हे साधत नाही, जवळ बसूनही वैर वाढू शकते.)

गुरुजींना आम्ही नत्रचक्राचा धडा सुचवला. एकाला तुरीच्या मुळांवरच्या गाठी, एकाला वीज, एकाला शेणखत, एकाला कुजणे, एकाला पुन्हा हवेत जाणारा नत्र. गट मात्र शिक्षकानेच पाडायचे, कारण मुलांवर सोडले तर ते वस्तीवार पडतात.

"साठ पोरांचा वर्ग आहे," गुरुजी म्हणाले. मग बोटांवर हिशोब करून म्हणाले, "बारा गट. बाकांची मांडणी बदलावी लागेल."