आतड्यात आतडं शिरलं तर बाळाचं ऑपरेशन करावंच लागतं का?

सात-आठ महिन्यांचं बाळ अचानक किंचाळून रडायला लागतं, पाय पोटाशी घेतं. दोन-चार मिनिटांनी शांत होतं, खेळायलाही लागतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. घरात कुणी म्हणतं दात येतायत, कुणी बेंबीभोवती हिंग लावतं. बऱ्याचदा कारण खरंच साधं असतं. पण कळा अशा थांबून थांबून येत राहिल्या, हिरवट उलट्या झाल्या, बाळ मलूल पडलं, तर ते 'इंटससेप्शन' असू शकतं.

म्हणजे काय? दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकतात, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. तीन महिने ते तीन वर्षं या वयात हे जास्त दिसतं.

याचं मूळ अनेकदा साध्या सर्दीत किंवा जुलाबात असतं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात 'पेयर्स पॅचेस' नावाचे लिम्फॉइड पेशींचे पुंजके असतात. स्विस डॉक्टर योहान पेयर यांनी 1677 मध्ये त्यांचं वर्णन केलं. घशातल्या टॉन्सिल्सचे हे आतड्यातले भाऊबंदच. व्हायरसशी लढताना ते सुजतात. आतडं त्या फुगवट्याला अन्नाच्या घासासारखं पुढे ढकलतं आणि त्याच्यासोबत आतड्याची भिंतही ओढली जाते. तिथला रक्तपुरवठा दाबला जातो. रक्त आणि शेंबूड मिसळलेली लाल शी ही बहुधा उशिरा दिसणारी खूण आहे. ती दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

सोनोग्राफीत हे गोल चकतीसारखं दिसतं आणि निदान लगेच होतं. त्यानंतर पहिला उपाय सुरी नसतोच. गुदद्वारातून हवा किंवा सलाइन ठरावीक दाबाने सोडून अडकलेलं आतडं मागे सरकवतात. वेळेत आणलेल्या बहुतेक बाळांचं काम इथेच होतं. साधारण दहातल्या एका बाळाला पुन्हा त्रास होऊ शकतो, म्हणून दवाखान्यात लक्ष ठेवतात.

ऑपरेशन कधी? हा उपाय फसला, आतड्याला भोक पडलं, पोटात संसर्ग पसरला किंवा बाळ शॉकमधून बाहेरच येत नसेल तर. लंडनचे सर्जन जोनाथन हचिन्सन यांनी 1871 मध्ये दोन वर्षांच्या बाळावर अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली होती.

आजही सर्जन आतडं ओढत नाहीत, कारण ओढलं तर ते फाटतं. टूथपेस्टची ट्यूब दाबावी तसं पुढच्या टोकाकडून दाबत ते मागे सरकवतात. मग कोमट सलाइनच्या घड्या ठेवून रंग परत येतो का, याची वाट बघतात. गुलाबी झालं तर आतडं वाचलं. काळंच राहिलं तर तेवढा भाग कापून दोन्ही टोकं जोडावी लागतात.

या वेळी सुजलेला पुंजका हाताला टणक गाठीसारखा लागतो. तरी तो कापत नाहीत, संसर्ग ओसरला की तो आपोआप बसतो. मोठ्या मुलांमध्ये मात्र पॉलिप, मेकेल्स डायव्हर्टिक्युलम किंवा क्वचित लिम्फोमा हे कारण निघू शकतं. तिथे गाठ काढून तपासणीला पाठवावीच लागते.