खोक्यांच्या कारखान्यातील 'ईआरपी'

खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री आणि हिशेब ही सारी खाती एकाच माहितीसाठ्यावर चालविणाऱ्या संगणकप्रणालीला 'एन्टरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग' किंवा 'ईआरपी' म्हणतात. गार्टनर या सल्लागार संस्थेने १९९०मध्ये हे नाव रूढ केले. वेष्टन उद्योगात, विशेषतः पन्हळी पुठ्ठ्याची खोकी बनविणाऱ्या कारखान्यात, ती बसविणे दिसते त्याहून अवघड असते. कारण साधे आहे: कागद किलोने विकत घेतला जातो आणि खोकी नगावर विकली जातात.

तीन पदरी पुठ्ठ्याचे उदाहरण घेऊ. बाहेरचा कागद १५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा. आतला आणि मधला प्रत्येकी १२०चा. मधल्या कागदाला पन्हळ पाडल्याने तो लांबीला अधिक लागतो. 'सी' जातीच्या पन्हळीला साधारण १.४५ पट. म्हणून एका चौरस मीटर पुठ्ठ्यात १५०, १७४ आणि १२० मिळून ४४४ ग्रॅम कागद जातो. स्टार्चची खळ निराळी. आता प्रणालीत कोणी १.४५ऐवजी बारीक 'बी' पन्हळीचे १.३५ हे प्रमाण भरले, तर चौरस मीटरमागे १२ ग्रॅमची चूक होते. एक लाख चौरस मीटरला ती १,२०० किलो भरते. संगणक हा कागद गोदामात शिल्लक दाखवत राहतो आणि त्या भरवशावर खरेदी थांबते.

दुसरी अडचण अर्धवट वापरलेल्या रिळाची. यंत्रावरून उतरलेले रीळ पुन्हा वजन करून, चिठ्ठी लावूनच गोदामात गेले पाहिजे; पण पाळी संपण्याच्या घाईत हे काम हमखास राहते. त्यातच कागद हवेतली ओल शोषतो, त्यामुळे गोव्याच्या पावसाळ्यात जुने वजन तसेच धरून चालत नाही. कतरणीचेही वजन रोज नोंदवावे लागते. नाहीतर वाया गेलेला माल कोणत्या कामावर गेला, हे कळतच नाही.

१ ऑगस्ट २०२३पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींवर असलेल्या व्यावसायिकांना अन्य नोंदणीकृत व्यावसायिकांशी होणाऱ्या व्यवहारांसाठी जीएसटीचे ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. त्यामुळे हिशेबखाते संगणकावर आले, तरी उत्पादन अनेक ठिकाणी पर्यवेक्षकाच्या वहीतच राहिले. खरे पाहता मापे, रिळांचे अंदाज आणि ग्राहकांच्या खोडी त्या वहीतच असतात. ती वही अडगळ मानणारा सल्लागार कारखान्याचे नुकसानच करतो.

प्रणाली कधी सुरू करावी, हेही महत्त्वाचे. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९मध्ये हॅलोविनच्या तोंडावर नवी प्रणाली चालू केली आणि माल हाताशी असूनही मागण्या वेळेवर पुरविता आल्या नाहीत. आपल्याकडे चतुर्थी-दिवाळीपूर्वीचा हंगाम टाळावा. आरंभीची शिल्लक प्रत्यक्ष वजन करून भरावी आणि निदान महिनाभर जुनी वही व नवी प्रणाली सोबत चालवावी.

वेर्ण्यासारख्या वसाहतींतील औषध कारखान्यांना खोकी पुरविणाऱ्यांना या शिस्तीचा आणखी एक उपयोग आहे. खोके दबल्याची तक्रार आली, की ते कोणत्या रिळातून, कोणत्या पाळीत निघाले, हे शोधता आले पाहिजे. रिळाची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून लावली असेल, तरच ते शक्य होते.