इल्म, अमल आणि यंत्राची बोटं

'जगातला पहिला रोबोट एका मुसलमानाने बनवला' असा मजकूर आणि सोबत जुन्या हस्तलिखितातलं एखादं रंगीत चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. आपण ते अभिमानाने पुढे पाठवतो. त्या माणसाने नेमकं काय केलं आणि कोणतं काम पुढच्यांसाठी उरलं, हे मात्र विचारायचं राहून जातं. आज यंत्राच्या हाताला स्पर्श शिकवण्याची जी खटपट चालली आहे, तिच्याकडे पाहताना हा प्रश्न विचारावासा वाटतो.

तो माणूस म्हणजे बदीउज्जमान इस्माईल अल-जझरी. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीर इथे अर्तुकी सुलतानांच्या पदरी ते यंत्रकार होते. सुलतानाच्या सांगण्यावरून त्यांनी 1206 मध्ये आपल्या यंत्रांचा सचित्र ग्रंथ पूर्ण केला. त्यात वुजूसाठीचं एक यंत्र आहे. सेवकाचा पुतळा झारीतून पाणी घालतो आणि पाणी संपत आलं की पंचा, आरसा पुढे करतो. हे सगळं आतल्या पाण्यावर आणि तरंगांवर चालतं. पण समोरच्याने पंचा घेतला की नाही, हे त्या पुतळ्याच्या हाताला कळत नसे. त्याला पाण्याची पातळी समजत होती, स्पर्श नाही.

स्पर्श म्हणजे काय, याचा विचार आपल्या परंपरेत त्याआधीच झाला होता. 1037 मध्ये वारलेल्या इब्न सीना यांनी हवास-ए-खमसामध्ये, म्हणजे पंचेंद्रियांमध्ये, 'लम्स' पहिला मानला. इतर इंद्रियांवाचून प्राणी जगू शकेल, स्पर्शावाचून नाही. शिवाय स्पर्श हे एकच इंद्रिय नसावं, असंही त्यांनी मांडलं. उष्ण-थंड, ओलं-कोरडं, कठीण-मऊ, खरखरीत-गुळगुळीत ओळखणाऱ्या निरनिराळ्या शक्ती त्यात एकत्र नांदत असाव्यात. हे म्हणणं पुढे इंजिनिअरांच्या चांगलंच आड येणार होतं.

संगणकाने चालणाऱ्या हाताला स्पर्श देण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न 1961 चा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत हाइनरिख अर्न्स्ट यांनी 'एमएच-1' नावाचा यांत्रिक हात 'टीएक्स-0' या संगणकाला जोडला. त्याला कॅमेरा नव्हता. टेबलावर चाचपडत तो ठोकळे शोधून पेटीत टाकायचा. पुढे 1982 च्या सुमारास तिथेच डॅनी हिलिस यांनी बोटाच्या टोकाएवढ्या जागेत 256 स्पर्शबिंदू बसवले. माणसाच्या तळहातात आणि बोटांत मिळून असे सुमारे 17,000 मज्जातंतू असतात. अंतर मोठं होतं.

दुसरी अडचण खर्चाची. असे हात महाग आणि नाजूक. शिकताना हजार वेळा वस्तू पडणार, बोटं आपटणार. म्हणून संगणकाच्या आतच एक आभासी हात तयार करून त्याला शिकवायचं, ही कल्पना रुजली. 2002 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू हॉवर्ड आणि नेट कोनिग यांनी 'गॅझिबो' हे सॉफ्टवेअर सुरू केलं. त्यात रोबोट, टेबल, वस्तू, गुरुत्वाकर्षण सगळं गणिताने उभं राहतं. त्याला बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामला प्लगइन म्हणतात.

स्पर्शाच्या प्लगइनचं काम ऐकायला सोपं आहे. आभासी जगातला काळ साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाने पुढे सरकतो. प्रत्येक पावलाला बोट वस्तूला कुठे टेकलं, किती जोराने, कोणत्या दिशेने, याचं उत्तर गणितातून मिळतं. प्लगइन तो जोर जवळच्या स्पर्शबिंदूंवर वाटून देतो, थोडी मुद्दाम गडबड मिसळतो आणि खरा सेन्सर ज्या रूपात आकडे देतो त्याच रूपात पुढे पाठवतो. हात चालवणाऱ्या प्रोग्रामला वाटतं, आपण खरंच काहीतरी धरलं आहे.

अडचण पुढे येते. अशा गणितात वस्तू बहुधा दगडासारख्या टणक धरलेल्या असतात. खरं बोट मात्र दाबलं की पसरतं, घसरताना थरथरतं, गरम-थंड होतं. बायोटॅक नावाच्या कृत्रिम बोटात रबरी कातडीखाली द्रव आणि 19 इलेक्ट्रोड असतात. ते दाब, कंपन आणि तापमान मोजतं. म्हणजे इब्न सीनांचा 'अनेक शक्तीं'चा मुद्दा इथे उभा ठाकतो. हँबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये वेगळी वाट धरली. खऱ्या बोटाला प्रत्यक्ष दाबून आकडे गोळा केले, त्यांवरून संगणकाला नक्कल शिकवली आणि ती गॅझिबोत बसवली. नकलेला खऱ्याकडे शिकवणीला जावं लागलं.

त्याच वर्षी ओपनएआय या कंपनीने लंडनच्या शॅडो कंपनीचा हात वापरून ठोकळा बोटांत फिरवून दाखवला. सुमारे 100 वर्षांचा सराव आभासी जगात सुमारे 50 तासांत उरकला होता. पण त्या हाताच्या बोटांतले स्पर्श-सेन्सर त्यांनी वापरलेच नाहीत. हवेचा दाब, तापमान, वस्तूचा आकार यांनी त्यांचे आकडे बदलतात आणि हा लहरीपणा सॉफ्टवेअरमध्ये उतरवणं अवघड, म्हणून त्यांनी कॅमेऱ्यांवर काम भागवलं. इब्न सीनांनी पहिलं मानलेलं इंद्रिय नकलेत सर्वांत मागे राहिलं.

आता पुन्हा अल-जझरींकडे येऊ. त्यांच्या ग्रंथाच्या अरबी नावातच 'इल्म' आणि 'अमल' हे दोन शब्द शेजारी आहेत. रचना ठरवण्यासाठी ते आधी कागदाचे नमुने करत. पाणी सोडणारी छिद्रं मोजून जुळवत, झडपा एकमेकींवर घासून घट्ट बसवत. करून पाहिल्याशिवाय कोणतंही ज्ञान पक्कं मानू नये, हा त्यांचा आग्रह होता. कागदाचा नमुना हे त्या काळचं सिम्युलेशनच. पण नमुन्यावर ते थांबले नाहीत.

अल-जझरींचा खरा वारसा मला या सवयीत दिसतो. 'पहिला रोबोट आमचा' म्हणणं हे अमल नसलेलं इल्म आहे, तेही अर्धवट. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव परीक्षेपुरतं पाठ करून आमच्या मुलांच्या हाती काही लागत नाही. गॅझिबो विनामूल्य आहे, त्याचा कोड सर्वांना खुला आहे. मालेगावातल्या किंवा भिवंडीतल्या एखाद्या मुलीने ते उतरवून घेतलं, आभासी बोटाने आभासी अंडं उचललं, आणि मग विचारलं की खरं अंडं का फुटलं, तर ती अल-जझरींची खरी वारसदार. चित्र पुढे पाठवण्याआधी एवढा विचार आपण केला तरी पुरे.