जुन्या क्रोनोग्राफ घड्याळांची प्रामाण्यपरीक्षा

जुना कागद हाती आला म्हणजे संशोधक त्याविषयी तीन प्रश्न विचारतो : हा अस्सल आहे की नक्कल, एका हातचा आहे की अनेक हातांचा, आणि मूळ मजकुरात मागाहून काय मिसळले आहे. पुण्यास ही शिस्त नवी नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० साली झाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभून १९६६ साली तडीस नेले. हीच शिस्त लेखनाबाहेरच्या वस्तूंना लावून पाहण्याचा प्रसंग आज वारंवार येतो. विसाव्या शतकातील क्रोनोग्राफ मनगटी घड्याळे सध्या मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन विकली जातात. त्यांची किंमत त्यांच्या इतिहासावर ठरते, आणि तो इतिहास बहुधा विकणाऱ्याच्याच तोंडचा असतो.

‘क्रोनोग्राफ’ या ग्रीक घटकांपासून बनलेल्या शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’ असा आहे. आज तो लाक्षणिक वाटतो. मुळात तो अक्षरशः खरा होता. निकोला र्युसेक याने १८२१ साली पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतीत वापरलेले यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका उमटवीत असे. पुढे शाई गेली व स्वतंत्र काटा आला. १८४४ साली आदोल्फ निकोल याने योजलेल्या हृदयाकृती चकतीमुळे तो काटा एका दाबासरशी शून्यावर परतू लागला. वस्तू बदलली, नाव मात्र टिकले. मराठीतील ‘घड्याळ’ हा शब्दही घटी-घटिकांच्याच कुळातला. पाण्यात बुडणारे घटिकापात्र केव्हाच नाहीसे झाले, तरी शब्दात ते शिल्लक आहे. शब्दाच्या बाबतीत असा बदल निरुपद्रवी असतो. जुन्या घड्याळाच्या बाबतीत नाव तेच राहून आतील वस्तू बदलली असेल, तर खरेदीदाराचे नुकसान होते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. वाल्जू, व्हीनस, लँडेरॉन यांसारखे कारखाने क्रोनोग्राफची यंत्रे तयार करीत आणि अनेक पेढ्या ती विकत घेऊन आपल्या नावाच्या तबकडीखाली बसवीत. तेव्हा नाव एकाचे व यंत्र दुसऱ्याचे एवढ्यावरून लबाडीचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या पेढीने त्या काळात ते यंत्र वापरले होते काय, हा खरा प्रश्न होय. १९६९ साली झेनिथ, सेइको आणि हॉयर-ब्राइटलिंग प्रभृतींचा गट अशा तिघांनी स्वयंचलित क्रोनोग्राफ पुढे आणले. म्हणून १९६५ सालचे म्हणून दाखविलेले क्रोनोग्राफ स्वयंचलित निघाल्यास दोहोंपैकी एक विधान खोटे असले पाहिजे.

कालविसंगतीची ही कसोटी हस्तलिखिताप्रमाणेच येथेही उपयोगी पडते. अंधारात दिसावे म्हणून जुन्या तबकड्यांवर रेडियमचा लेप असे; साठोत्तर काळात त्याची जागा ट्रिटियमने घेतली, आणि तबकडीच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर दिसू लागले. हे अक्षर धारण करणारी तबकडी १९५० सालची असू शकत नाही. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असले, तरी त्यासोबतचे चमकणारे द्रव्य काही दशकांतच निकामी होते. म्हणून ‘न हाताळलेल्या’ जुन्या घड्याळाचे आकडे आज रात्रभर लखलखत असतील, तर तो रंग नवा समजावा. निस्तेज झालेला लेपही किरणोत्सर्गी असतोच. तो घरी खरवडणे धोक्याचे आहे.

भारतातील घड्याळांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वेस्ट एंड कंपनीचा मुंबईतील व्यापार १८८६ पासूनचा. फेव्हर-ल्युबाचे नावही येथे घरोघरी ठाऊक होते. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. बंगलोर येथे एच.एम.टी.चे उत्पादन १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाले. परंतु परदेशी घड्याळांचे सुटे भाग दुर्मीळच राहिले. साहजिकच घड्याळजीने एका घड्याळाचे चाक दुसऱ्यात बसवावे, उडालेली तबकडी रंगवून द्यावी, हे नित्याचे झाले. गिऱ्हाइकास घड्याळ चालू हवे होते, आणि घड्याळजीने ते चालू करून दिले. यात फसवणूक नव्हती. मात्र पुढे हेच कसब परदेशी संग्राहकांसाठी वापरले जाऊ लागले. अनेक घड्याळांचे अवशेष जुळवून व तबकडी भडक रंगात रंगवून सजविलेल्या अशा मालाला संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असे उपहासाचे नाव पडले आहे.

नारायण पेठेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. नारायणराव पेशव्याचे नाव धारण करणारी ही पेठ मुठेच्या काठी वसली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांधही टिकला नाही, आणि पुराचे पाणी नदीकाठच्या पेठांतील घरांत शिरले. या भागातील एखाद्या कुटुंबाचे त्यापूर्वीचे घड्याळ विक्रीस येते, तेव्हा तबकडीवरील पाण्याचा डाग किंवा यंत्रावरील गंज हा केवळ दोष मानता येत नाही. तो त्या दिवसाचा पुरावाही असू शकतो. तबकडी रंगविली की घड्याळ देखणे होते, आणि तो पुरावा कायमचा पुसला जातो. उलट, पुरात सापडल्याची कथा सांगावी आणि आतील पोलाद निष्कलंक असावे, तर ती कथाच तपासणे भाग आहे. जुने वाडे पाडले जाताना अशा वस्तू कुटुंबाच्या आठवणींपासून वेगळ्या होऊन बाजारात येतात. ते घड्याळ कोणाचे, केव्हा घेतलेले, कोणी दुरुस्त केलेले, हे सांगणारे माणूस एकदा दुरावले की पुढील खरेदीदारास केवळ वस्तूवरच विसंबावे लागते.

तज्ज्ञता हे तरी पुरेसे कवच आहे काय ? १९५७ सालच्या नमुन्याचे म्हणून विकले गेलेले ओमेगा स्पीडमास्टर नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथील लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीस गेले. ते घेणारी संस्था स्वतः ओमेगाच होती. ते निरनिराळ्या भागांची जुळणी करून बनविलेले असल्याचे २०२३ साली उघड झाले, आणि कंपनीने आपल्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा त्यात हात असल्याचे जाहीर केले. निर्मात्याच्या घरी जे घडले, ते चार छायाचित्रे पाहून पैसे पाठविणाऱ्याच्या बाबतीत सहज घडू शकते.

तेव्हा दूरस्थ खरेदीत पुढील पुरावा मागावा : झाकण उघडून घेतलेले यंत्राचे स्पष्ट छायाचित्र, झाकणाच्या आतील बाजू, अनुक्रमांक, आणि काटा सुरू होऊन, थांबून, नेमका शून्यावर परततो हे दाखविणारे चलचित्र. क्रोनोग्राफची दुरुस्ती साध्या घड्याळापेक्षा खर्चाची असते. तो खर्च किमतीतच धरावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहकास आपल्या निवासस्थानीच तक्रार दाखल करता येते. तथापि २०२० चे ई-वाणिज्यविषयक नियम व्यवसाय म्हणून नव्हे, तर व्यक्तिगत रीतीने वस्तू विकणाऱ्यास लागू होत नाहीत. म्हणजे ‘आजोबांचे घड्याळ’ विकणाऱ्या अनोळखी व्यक्तीकडून घेताना संरक्षण सर्वांत कमी, आणि विश्वास मात्र सर्वांत अधिक टाकलेला, अशी स्थिती असते.

चिकित्सक आवृत्तीचा संपादक प्रक्षिप्त श्लोक नष्ट करीत नाही. तो त्यांना पाठभेदांत नोंदवितो. जुन्या घड्याळाच्या विक्रेत्याकडूनही इतकीच अपेक्षा आहे. बदललेला काटा, रंगविलेली तबकडी, दुसऱ्या घड्याळातील चाक यांची प्रामाणिक नोंद असेल, तर खरेदीदारास योग्य किंमत ठरविता येते. ती नोंद नसेल, तर खरेदीदाराचे द्रव्य जाते, आणि पुढील अभ्यासकाच्या हाती एक खोटा दस्तऐवज येतो.